निर्जंतुकरावांचं भांडं

लिफ्टवाला त्या वेळी एका उंच इमारतीत, लिफ्टच्या टपावर उकिडवा बसून ग्रीस लावत होता. तेवढ्यात फोन वाजला. फोन मेहुणीचा होता, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा, आणि ताईनं कामाच्या वेळी फोन केला की हल्ली कारण एकच असायचं.

"भाऊजी, पुन्हा लाइट गेली," ताई म्हणाली.

"घरची की थिएटरची?"

"घरची गेली असती तर मेणबत्ती लावून गप्प बसले असते. थिएटरची. ऐन मारामारीत अंधार झाला म्हणे. लोकांनी एवढ्या शिट्ट्या मारल्या की बाहेर रस्त्यावर ऐकू गेल्या."

लिफ्टवाल्यानं हातातला ग्रीसचा डबा खाली ठेवला. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली माणसं सोडवण्यात त्याचा हात कुणी धरला नसता, आणि असल्या माणसाच्या नाकी एका पॉपकॉर्नच्या यंत्रानं नऊ आणले होते. बरं, यंत्रही परक्याचं नाही. परक्याचं असतं तर जमत नाही म्हणून सांगून मोकळा झाला असता.

बाजाराच्या टोकाला एक जुनं थिएटर होतं, एकच पडदा असलेलं. त्याच्या लॉबीत पॉपकॉर्नचा काउंटर होता आणि काही महिन्यांपासून तो लिफ्टवाल्याचे मोठे साडू, म्हणजे ताईचे यजमान, चालवत होते. साडूंची सगळी नोकरी इस्पितळात गेली होती, तीही ऑपरेशनची हत्यारं धुऊन, उकळून, वाफ देऊन निर्जंतुक करायच्या खात्यात. नातेवाईक त्यांना समोर भाऊसाहेब म्हणत आणि पाठीमागे निर्जंतुकराव. पाठीमागचं नाव त्यांना चांगलं ठाऊक होतं आणि ते त्यांना मनातून आवडायचंही, असा लिफ्टवाल्याचा जुना संशय होता.

निवृत्त झाल्याबरोबर निर्जंतुकरावांनी मोर्चा घराकडे वळवला. आधी मिठाची बरणी उकळली गेली, मग लाटणं, मग चष्म्याची घरं, मग दाराच्या कड्या काढून त्यांनाही गरम पाणी दाखवण्यात आलं. ताईनं बरेच दिवस सोसलं. मग एकदा पाहुण्यांसमोर चहाचे कप दुसऱ्यांदा धुवायला उचलले गेले आणि तिचा तोल सुटला. "आता धुणं थांबवा. हे घर आहे, इस्पितळ नाही," एवढंच ती म्हणाली, पण जरा वरच्या पट्टीत. त्यांनी कप होते तिथे ठेवले, खिडकीपाशी खुर्ची ओढली आणि बसले.

बसले ते बसलेच. रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून त्या खुर्चीत. काही विचारलं तर हो, नाही, चालेल. लिफ्टवाला तेव्हा एकदा भेटायला गेला होता आणि ते बघून चक्क घाबरला होता. लग्न झाल्यापासून या माणसानं त्याची टर उडवायची एकही संधी सोडली नव्हती, आणि त्या दिवशी तो येऊन, चहा पिऊन गेला तरी त्यांनी त्याला एक शब्द ऐकवला नाही. त्याला घरी जाताना रस्ताभर चैन पडली नाही.

मग थिएटरमधला काउंटर रिकामा झाल्याचं ताईच्या कानावर आलं. तिनंच खटपट करून तो मिळवला आणि नवऱ्याला खुर्चीतून उठवलं. निर्जंतुकरावांनी पांढरा एप्रन चढवला, डोक्याला पांढरी टोपी घातली आणि पुन्हा बोलायला लागले. ते इतकं बोलायला लागले की ताई अधूनमधून तक्रारही करायची, पण तिच्या त्या तक्रारीत दम नसायचा.

"आज मॅनेजरबाई काउंटरवर आल्या होत्या," ताई फोनवर सांगत होती. "म्हणाल्या, आणखी एकदा खेळ बंद पडला तर यंत्र उचलायचं. पाकिटातले वेफर्स ठेवणार आहेत तिथे. भाऊजी, हे काउंटर लवकर बंद करून घरी आलेत आणि मघापासून हो, नाही, चालेल एवढंच चाललंय."

"उद्या सकाळी जातो," तो म्हणाला.

"तुम्ही मागेही गेला होतात."

"मागे मी काम सुटल्यावर जात होतो, संध्याकाळी. उद्या अर्धी रजा टाकतो आणि सकाळीच जाऊन बसतो."

"बसू नका, दुरुस्त करा," ताई म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

आता ताईचं बोलणं लागण्यासारखं होतं, पण खोटं नव्हतं. पहिल्यांदा तो गेला तेव्हा प्लगची पिन काळवंडलेली दिसली. त्यानं प्लग बदलला, यंत्र झकास चाललं आणि त्यानं ऐटीत चहा मागवला. काही दिवसांनी पुन्हा अंधार. दुसऱ्या खेपेला त्यानं थर्मोस्टॅट बदलला. यंत्र झकास, चहा, आणि पुन्हा अंधार. तिसऱ्या खेपेला मात्र त्यानं भांड्याच्या बुडाची कॉइलच नवी घातली आणि आता तुमच्या नातवंडांपर्यंत बघायला नको, असं छातीठोकपणे सांगून बसला. त्या कॉइलनं आठवडाही काढला नाही. तेव्हापासून घरात एखादा दिवा नुसता मिचमिचला तरी त्याची बायको म्हणायची, "यांना सांगू नका गं कुणी. नवी कॉइल घेऊन येतील."

खरी पंचाईत अशी होती की तो जायचा त्या वेळी यंत्राला काहीच झालेलं नसायचं. डॉक्टरच्या दारात पाय ठेवताच पोराचा ताप उतरावा, तसं ते त्याच्यासमोर शहाण्यासारखं वागायचं. बिघाड डोळ्यांनी दिसल्याशिवाय तो पकडायचा कसा, आणि पकडला नाही तर बायकोला तोंड कसं दाखवायचं, हे दोन्ही प्रश्न त्याला सारखेच छळत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पोचला तेव्हा लॉबी रिकामी होती. झाडूवाली पायऱ्या झाडत होती. निर्जंतुकराव काउंटरच्या मागे एप्रन घालून उभे होते आणि काचेच्या पेटीला आतून फडकं मारत होते. त्या पेटीत वरच्या बाजूला आडव्या दांडीवर ते स्टीलचं भांडं टांगलेलं होतं. आतून, बाहेरून, बुडाकडून, कुठूनही बघा, त्यात तोंड दिसत होतं.

"या, लिफ्टवाले," ते म्हणाले. "आज काय बदलताय? भिंती राहिल्यात अजून."

टोमणा ठीक होता, पण आवाजात जोर नव्हता. लिफ्टवाल्याला ते बरं वाटलं नाही.

"आज काही बदलत नाही. तुम्ही नेहमीसारखं चालू करा, मी बघत बसतो."

निर्जंतुकरावांनी भांड्याचं बटण दाबलं. भांडं तापायला लागलं. लिफ्टवाला स्टुलावर बसून त्याच्याकडे टक लावून बघत राहिला. जरा वेळानं बुडाकडून बारीकसा चर्र आवाज आला आणि पाठोपाठ भिंतीवरच्या पेटीत खट झालं. लॉबीतले दिवे गेले, पंखा गरगरत थांबला, आणि वरच्या प्रोजेक्टरच्या खोलीतून ऑपरेटर ओरडला, "चालू द्या तुमचं, आम्हाला सवय झालीय."

निर्जंतुकरावांचा चेहरा पडला. लिफ्टवाल्याला मात्र इतका आनंद झाला की तो लपवायला त्याला पिशवीत तोंड घालून मीटर शोधावा लागला. एवढ्या दिवसांत चोर पहिल्यांदा त्याच्यासमोर आला होता.

"हे बघा भाऊसाहेब," तो म्हणाला, "कॉइल तुटली असती तर भांडं तापलंच नसतं. ते तापतंय. म्हणजे कॉइल शाबूत आहे, पण तिच्यातली थोडी वीज भांड्याच्या अंगात गळतेय. अशी गळती झाली की भिंतीवरचा तो स्विच सगळं तोडून टाकतो, म्हणजे कुणाला झटका बसू नये. आणि या इमारतीची वायरिंग इतकी जुनी आहे की तुमचा काउंटर आणि वरचा प्रोजेक्टर एकाच स्विचवर आहेत."

"मग स्विच वेगळा करा."

"तो वेगळा केला तरी गळती राहणारच. पिक्चर चालू राहील आणि पॉपकॉर्न बंद पडेल."

त्यानं भांडं दांडीवरून उतरवलं. आज त्यानं कंपनीतून मेगर मागून आणला होता. साध्या मीटरला जी गळती दिसत नाही ती या मेगरला दिसते. एक चिमटा कॉइलच्या पिनेला लावला, दुसरा भांड्याच्या अंगाला, आणि मूठ फिरवली. चांगल्या कॉइलला काटा पार पलीकडच्या टोकाला जायला हवा. हा काटा शून्यापाशी लोळत पडला होता. नव्याकोऱ्या कॉइलची ही तऱ्हा बघून लिफ्टवाल्यानं मनातल्या मनात ती विकणाऱ्या दुकानदाराचा उद्धार केला.

मग त्यानं भांडं उलटं धरलं आणि बुडाच्या पत्र्याचे स्क्रू सैल केले. शेवटचा स्क्रू सुटला आणि पत्र्याखालून पाण्याची बारीक धार निघून थेट त्याच्या बाहीत गेली. पाणी कोमट होतं आणि त्याला लिंबाच्या साबणाचा मस्त वास येत होता.

लिफ्टवाला बाहीकडे बघत राहिला. सगळं एका क्षणात त्याच्या ध्यानात आलं, आणि ते आलं नसतं तर बरं झालं असतं असंही त्याच क्षणी वाटलं.

"भाऊसाहेब," त्यानं जपून विचारलं, "हे भांडं तुम्ही साफ कसं करता?"

त्या सकाळी पहिल्यांदा निर्जंतुकरावांचा चेहरा उजळला. "बरं झालं विचारलंत. कुणी विचारतच नाही. इकडे या." त्यांनी त्याला मागच्या छोट्या खोलीत नेलं. तिथे सिंक होतं, शेजारी एक मोठा टब, दोन तऱ्हेचे ब्रश, आणि तारेवर वाळत घातलेली पांढरीशुभ्र फडकी. "काउंटर बंद झाला की भांडं उतरवायचं. या टबात गरम पाणी, साबण, आणि भांडं पूर्ण बुडेल असं ठेवायचं. अर्धवट बुडवलं तर कडेला तेलाची रेघ राहते. मग आतून मोठा ब्रश, बुडाला बारीक ब्रश. मग दुसरं पाणी. मग स्वच्छ फडक्यावर रात्रभर उपडं."

"रोज?"

"रोज म्हणजे? जेवायचं ताट तुम्ही एक दिवसाआड धुता का?"

"आणि तुमच्या आधी जो माणूस होता तो?"

निर्जंतुकरावांनी नाक मुरडलं. "त्याचं नाव काढू नका. त्यानं वर्षानुवर्षं पाण्याचा थेंब लावला नव्हता. बुडाला ही एवढी पुटं. मी आलो तेव्हा पहिला दिवस नुसता खरवडण्यात गेला."

"त्याच्या वेळी कधी लाइट जायची?"

"नाही म्हणतात. घाणीला वीजही घाबरत असेल."

लिफ्टवाला यावर हसला, पण त्याचं मन दुसरीकडे होतं. या माणसाला एकदा घरात सांगून झालं होतं की धुणं थांबवा, आणि त्यानंतर काय झालं ते त्यानं स्वतः पाहिलं होतं. आता तेच त्याला सांगायचं होतं. गप्प राहून भांडं वाळवून दिलं असतं तर आजचा दिवस निभला असता, पण संध्याकाळी ते पुन्हा टबात गेलं असतं आणि उद्या काउंटरवर वेफर्स आले असते. बोललं तरी खुर्ची, न बोललं तरी खुर्ची. त्यानं आडून सुरुवात करून बघितली.

"आमच्याकडे लिफ्टची मोटर असते ना," तो म्हणाला, "ती आम्ही कधी धूत नाही."

"तरीच तुमच्या अंगाला वास येतो," निर्जंतुकराव म्हणाले.

पुढे आडून बोलायचा त्याला धीर झाला नाही. "हे भांडं जरा भट्टीत ठेवायला हवं," एवढंच तो म्हणाला. "मंद आचेवर. शेजारी बेकरी आहे ना?"

बेकरीत सकाळचा पाव निघून गेला होता आणि भट्टी निवत आली होती. बेकरीवाल्यानं ते चकचकीत भांडं हातात घेऊन उलटंसुलटं बघितलं. "हे फुगून केवढं होईल?" त्यानं विचारलं.

"ओल बसलीय त्याच्या कॉइलमध्ये," लिफ्टवाला म्हणाला. "ती कोरडी करायचीय."

बेकरीवाल्यानं भांडं एका रिकाम्या ट्रेवर ठेवून आत सरकवलं आणि तो आपल्या गिऱ्हाइकांकडे वळला. दोघं साडू भट्टीसमोरच्या बाकावर बसले. निर्जंतुकराव बराच वेळ भट्टीच्या दाराकडे बघत होते.

"कोरडी भट्टी आमच्याकडेही होती," ते म्हणाले. "पावडरी, मलमं, तेलं, असल्या गोष्टींना वाफ चालत नाही. त्या कोरड्या भाजायच्या." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "ओल कुठून आली?"

लिफ्टवाला आपल्या ओल्या बाहीचं बटण लावायला लागला.

"लिफ्टवाले, मी विचारतोय."

"धुण्यानं आली, भाऊसाहेब," तो म्हणाला. "कॉइलच्या तोंडाशी जी पांढरी भुकटी भरलेली असते ती रोज थोडं थोडं पाणी ओढून घेते. रात्रभर उपडं ठेवलं तरी ते आतलं पाणी जात नाही. दुसऱ्या दिवशी तापलं की गळती सुरू. मग तुम्ही स्विच वर करून पुन्हा चालू करता, पुन्हा खट, पुन्हा चालू. तसं करता करता दुपारपर्यंत ते वाळतं. म्हणून मी येईपर्यंत सगळं ठीक असायचं."

बेकरीवाला कुणाला तरी बिस्किटं बांधून देत होता.

"आमच्या खात्यात नवीन वस्तू आली की दारातच विचारायचं," निर्जंतुकराव शेवटी म्हणाले. "पाणी चालतं का? हा पहिला प्रश्न. बाकी सगळं नंतर. केवढ्या माणसांना शिकवलं मी हे. न विचारता कुणी वस्तूला हात लावला तर दुसऱ्या खात्यात पाठवून द्यायचो." त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. "मी विचारलं नाही."

"कुणाला विचारणार होतात? त्या खरवडलेल्या पुटांना?"

"तुम्हाला. तुम्ही घरातलेच होता."

"मग मीही कुठे विचारलं? मी प्लग बदलला, थर्मोस्टॅट बदलला, चांगली कॉइल काढून दुसरी घातली. भांड्याला रोज आंघोळ घालता का, हे विचारायचं माझ्याही डोक्यात आलं नाही. ते ताईच्या डोक्यात पहिल्या दिवशी आलं असतं."

निर्जंतुकराव हसले नाहीत. त्यांनी एप्रनची गाठ सोडली, तो अंगावरून उतरवला, आणि शिवणीला शिवण जुळवून त्याची घडी घालायला लागले.

"हे काय करताय?"

"बाईंना सांगून येतो. यंत्र चांगलं आहे, माणूस चुकीचा होता. दुसऱ्या कुणाला देतील."

"आधी भांडं निघू द्या. लावून बघू, चालतंय का ते बघू."

"चालेल," निर्जंतुकराव म्हणाले आणि उठले. ते यंत्राबद्दल म्हणाले की नुसतंच म्हणाले, हे लिफ्टवाल्याला कळलं नाही. त्यानं बेकरीवाल्याला हाक मारून भट्टी उघडायला लावली, गरम भांडं दोन पोत्यांत गुंडाळलं आणि ते पोटाशी धरून साडूंच्या मागे धावत सुटला.

मॅनेजरबाई आपल्या खोलीत उभ्या उभ्या फोनवर कुणाला तरी झापत होत्या. फोन संपेपर्यंत निर्जंतुकराव दारात ताठ उभे राहिले आणि मग त्यांनी काहीही आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. भांडं आपण रोज पाण्यात बुडवत होतो, त्यानं ओल धरली, त्यानं लाइट गेली, आणि इतके दिवस लोकांचा पिक्चर आपणच बंद पाडत होतो.

मॅनेजरबाई आधी त्यांच्याकडे आणि मग त्यांच्या मागच्या, पोतं कवटाळून घामाघूम झालेल्या लिफ्टवाल्याकडे बघत राहिल्या.

"साबणानं धुवायचात?" त्यांनी विचारलं.

"साबणानं. मग दुसऱ्या पाण्यानं."

"रोज?"

"रोज," निर्जंतुकराव खाली बघून म्हणाले.

बाई खुर्चीत बसल्या. "आधीच्या माणसाचं भांडं मी एकदा आतून बघितलं होतं. तेव्हापासून मी इथलं पॉपकॉर्न सोडलं होतं. तुम्ही आल्यावर पुन्हा खायला लागले," त्या म्हणाल्या. "इथे बाथरूम धुऊन घ्यायचं तर मला रोज घसा कोरडा करावा लागतो. न सांगता धुणारा एक माणूस मिळाला, तर तो नेमका विजेचं भांडं धुतो. आता मी कुणाच्या नावानं ओरडू?"

लिफ्टवाल्यानं घसरणारं पोतं पोटाशी पुन्हा सावरलं.

"पुसायचं. बुडवायचं नाही," बाई म्हणाल्या. "जमेल?"

निर्जंतुकरावांनी एप्रनची घडी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "जमेल," ते म्हणाले.

"आज बघते. आज लाइट गेली तर उद्या वेफर्स. आणि एप्रन घाला, असे घडी घालून कुठे निघालात?"

लिफ्टवाल्यानं काउंटरवर भांड्याला पुन्हा मेगर लावला. मूठ फिरवली आणि काटा उठून थेट पलीकडच्या टोकाला जाऊन उभा राहिला. त्यानं तो काटा निर्जंतुकरावांना दाखवला, झाडूवालीला दाखवला, आणि फोटो काढून बायकोलाही पाठवला. बायकोनं उलट विचारलं की हे कशाचं घड्याळ आहे आणि जेवायला कधी येणार. त्यानं अर्धी रजा वाढवून पूर्ण घेतली.

दुपारचा खेळ सुरू झाला. मध्यंतराच्या जरा आधी निर्जंतुकरावांनी बटण दाबलं आणि मागे सरकून उभे राहिले. लिफ्टवाला भिंतीवरच्या स्विचखाली जाऊन थांबला होता, जणू तो पडला तर वरच्या वर झेलणार होता. तेल तापलं. दाणे पडले. पहिला दाणा फुटला, मग दुसरा, आणि मग भांड्यात जो गलका उठला त्यात आतल्या पडद्यावरची रडारड ऐकू येईना. स्विच जागचा हलला नाही. दार उघडून लोक लॉबीत आले तेव्हा पेटी काठोकाठ भरली होती आणि लिफ्टवाल्याचा जीव भांड्यात पडला. निर्जंतुकराव पुड्या भरत होते, पण गिऱ्हाइकांशी एरवीसारखं बोलत नव्हते. ते मधूनच भांड्याकडे बघत, बुडाशी जमलेल्या तेलाच्या डागाकडे बघत, आणि पुन्हा पुडी भरत.

संध्याकाळचं मध्यंतर आटोपलं की काउंटर बंद व्हायचा. त्या दिवशी तसा तो बंद झाला. निर्जंतुकरावांनी फडकं ओलं करून घट्ट पिळलं आणि भांडं कोमट असतानाच आतून पुसलं. मग कोरड्या फडक्यानं पुसलं. मग पुन्हा ओल्या. लिफ्टवाल्याला वाटलं, जमलं की. तो आपली हत्यारं गोळा करायला लागला, ताईला फोन करून सगळं ठीक असल्याचं सांगितलं, आणि तिनं एवढा वेळ का लागला असं विचारल्यावर हं हं करत फोन ठेवला.

काउंटरकडे वळून बघतो तो पेटी रिकामी. दांडीवर भांडं नव्हतं.

तो मागच्या खोलीत गेला. निर्जंतुकराव सिंकपाशी पाठमोरे उभे होते. भांडं त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं होतं आणि समोर नळ पूर्ण सोडलेला होता. पाणी टबात पडत होतं, टब अर्ध्याहून जास्त भरला होता. ते भांडं आत ठेवत नव्हते आणि मागेही घेत नव्हते. नुसते उभे होते.

"मी ठरवून नाही आणलं," ते वळून न बघता म्हणाले. "दांडीवरून काढल्याचंही आठवत नाही. हात घेऊन आले."

लिफ्टवाला पुढे झाला आणि त्यानं नळ बंद केला. एखादी कोटी करावी म्हणून त्यानं तोंड उघडलं होतं, ते मिटलं. साडूंच्या मनगटांवर शिरा तटतटलेल्या दिसत होत्या. एवढंसं भांडं, पण ते पेलायला त्यांना केवढी ताकद लागत होती हे त्याला दिसत होतं, आणि त्याला त्यांच्याबद्दल एकदम फार माया वाटली.

"उद्या याल का?" निर्जंतुकरावांनी विचारलं.

"उद्या कशाला? यंत्र चांगलं चाललंय, भाऊसाहेब."

"यंत्रासाठी नाही. मला अडवायला."

त्यांच्या तोंडून हे करा, ते करा, असं लिफ्टवाल्यानं आजवर खूप ऐकलं होतं. याल का, हे कधी ऐकलं नव्हतं.

"येतो की," तो म्हणाला. "काम सुटलं की इकडेच येतो."

"परवाही यावं लागेल."

"परवाही येतो. तुमचे हात ऐकायला लागेपर्यंत रोज येतो."

निर्जंतुकरावांनी मान हलवली. आणखी थोडा वेळ ते भरलेल्या टबाकडे बघत राहिले. मग वळून त्यांनी भांडं लिफ्टवाल्यापुढे धरलं. त्यानं ते घ्यायला हात पुढे केले, तसं त्यांनी ते झटकन पुन्हा छातीशी ओढलं.

"आधी हात धुऊन या," ते म्हणाले. "लिफ्टचं ग्रीस कालचं आहे नखांत."

लिफ्टवाल्यानं मुकाट्यानं नळ पुन्हा सोडला आणि साबण घेतला.